सातव्या पलंगावरची दुसरी

प्रागला एका पलंगावर दोघींनी भागवायचं ही कल्पना माझी. पोलिसांनी विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं. इथेही आधी तेच सांगते, म्हणजे ल्यूबाला कुणी नावं ठेवायला नकोत.

आम्ही दोघी प्रेशोव गावच्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. पाठीवर पिशव्या टाकून आठ शहरं बघायची म्हणून निघालो आणि चौथ्या शहरातच खिसे रिकामे व्हायला आले. तेव्हा मी शक्कल काढली. हॉस्टेलात एकच पलंग घ्यायचा, माझ्या नावावर. एकीनं रात्री झोपायचं, दुसरीनं दिवसा. जिची पाळी बाहेर तिनं रात्र स्टेशनच्या बाकावर काढायची, सकाळी सातला कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी किल्ली घ्यायची आणि मान खाली घालून वर जायचं. असं फिरणाऱ्या पोरी बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच दिसतात. युक्ती काही नवी नव्हती. आमच्यातले कितीतरी जण हे करतात आणि पुढच्या शहरात फुशारकीनं सांगतात.

हॉस्टेलच्या दाराशी मिलादाबाई बसायच्या. साठीच्या, चष्मा कपाळावर, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "एक पलंग, एक डोकं. कुणाला चोरून आणलंस तर दोघांनाही रस्त्यावर काढीन, आणि वर पोलिसांना फोन. मागच्या महिन्यातच एकाला हाकललाय."

"मी कशाला कुणाला आणू?" मी म्हटलं, आणि चेहरा असा केला की मलाच माझं कौतुक वाटलं.

तिसऱ्या रात्री बाहेर राहायची पाळी खरं तर माझी होती. मी घसा दुखतोय म्हणून कुरकुरले. दुखत होता, पण एवढा नाही.

"झोप गं महाराणी, नाटकं पुरे कर," ल्यूबा म्हणाली. "आजही मीच जाते बाहेर. पण उद्या दुपारी दोनपर्यंत मला उठवायचं नाही, सांगून ठेवते."

सकाळी बेकरीपाशी आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. "एक म्हातारा रात्रभर त्याच्या तीन बायकांच्या गोष्टी सांगत होता," ती म्हणाली. "पहिल्या दोघी गेल्या म्हणून हसला, तिसरी अजून आहे म्हणून रडला." एवढं बोलून तिनं जांभई दिली, किल्ली घेतली आणि कानात मेणाचे बोळे तिथेच, रस्त्यात उभ्या उभ्या घातले. सातवा पलंग वरच्या बाजूचा होता आणि त्याला जाड पडदा होता. एकदा पडदा ओढला की आत कोण आहे, आहे की नाही, कुणाला कळायचं नाही. त्या पडद्यासाठीच तर मी तो पलंग मागून घेतला होता.

मी नदीकाठानं भटकले. एका पुलाखाली बसून दोन पाव खाल्ले, तिच्यासाठी दोन ठेवले. सव्वाअकराच्या सुमाराला आमच्या गल्लीत वळले तर समोर अग्निशमन दलाची गाडी, आणि पलीकडच्या फुटपाथवर हॉस्टेलातले सगळे, कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी अनवाणी. पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात कुणाचं तरी तेल पेटलं होतं. ज्वाळा फार नव्हत्या. काळा धूर मात्र जिन्यानं वर चढला होता आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर.

मिलादाबाई यादी हातात धरून ओरडत होत्या. एकही ओळ न गाळता वाचत होत्या. "खोली चार! पलंग पाच? पलंग सहा? पलंग सात?"

"हजर!" मी म्हटलं.

तोंडातून निघूनच गेलं. माझं नाव, माझा पलंग, मी समोर उभी. बाईंनी खूण केली, शेवटपर्यंत वाचलं आणि दलाच्या प्रमुखाला सांगितलं, "तेवीसच्या तेवीस बाहेर आहेत. देवाची कृपा."

"मग आत पोरं घालायची घाई नको," तो त्याच्या माणसांना म्हणाला. "आधी खालची आग विझवा, मग वर बघू."

हे मी ऐकलं. माझ्यापासून चार पावलांवर बोलला तो. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मिलादाबाई डोळे पुसत होत्या, शेजारी पोलिस उभा होता, आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आता दोघींनाही बाहेर काढतील, दंड होईल, घरी फोन जाईल. माझीच मला किळस येते, पण हेच आलं.

मग मी स्वतःची समजूत घालायला लागले. धूर बघून उठली असेल, सगळ्यांबरोबर खाली आली असेल. मी गर्दीत तिचं पिवळं जाकीट शोधायला लागले. एकेक माणूस फिरवून बघितला. खोलीतल्या डॅनिश पोराला विचारलं, "माझी मैत्रीण दिसली का रे?"

"मैत्रीण?" तो म्हणाला. "तुझ्याबरोबर कोण होतं?"

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कोपऱ्यावर कॉफी घ्यायला गेली असेल म्हणून बेकरीपर्यंत पळत गेले आणि परत आले. तोवर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीची काच आतून काळी झाली होती.

तेव्हा कुठे मी त्या प्रमुखाची बाही धरली. "वर एक मुलगी आहे. खोली चार, सातवा पलंग. पडद्याआड."

तो ओरडला नाही. माझ्याकडे फक्त एकदा बघितलं आणि मुखवटा चढवत आत पळाला. तिला खाली आणलं तेव्हा अंगावर कुठे भाजल्याची खूण नव्हती. नाकाभोवती तेवढी काजळी होती.

दुसऱ्या दिवशी प्रेशोवहून तिची आई आली. वेरोनाकाकू रात्रभर गाडीत बसून आल्या होत्या. अतिदक्षता विभागाबाहेर त्यांनी मला छातीशी धरलं, माझे केस कुरवाळले आणि म्हणाल्या, "तू तरी वाचलीस गं बाळा." डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं की ल्यूबा आता उठणार नाही, यंत्रं बंद करायची आहेत.

"त्या मिलादाबाईला मी सोडणार नाही," काकू म्हणाल्या. "माझी पोर आत असताना सगळे बाहेर म्हणून सांगते म्हणजे काय? डोळे फुटले होते का तिचे? तू होतीस ना तिथे. तू सांग पोलिसांना, कशी बेफिकीर मोजणी केली ते."

मी मूग गिळून बसले असते तर चूक बाईंचीच, असं त्यांनी मानलं असतं. सगळ्यांनीच मानलं असतं.

"काकू, बाईंनी बरोबर मोजलं," मी म्हटलं. "ल्यूबाचं नावच नव्हतं यादीत. तिच्या पलंगाला हजर मी म्हटलं."

मग सगळं सांगितलं. एक पलंग, किल्ली, पोलिस, बेकरी. त्या ऐकत होत्या. माझ्या केसांतला हात त्यांनी कधी काढून घेतला ते मला कळलं नाही.

"तू सांगेपर्यंत किती वेळ गेला?" त्यांनी विचारलं.

"अकरा मिनिटं. फोनवर वेळ दिसते."

त्यांनी मान हलवली, दुकानदारानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. रडल्या नाहीत.

दार उघडून नर्स आली. "निरोप घ्यायला आत दोघींना सोडता येईल," ती हळू आवाजात म्हणाली. "कोण कोण येतंय?"

मी उठून उभी राहिले.

"मी एकटीच," काकू म्हणाल्या. आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.