तानीबाईचं पारडं

"दम धर, हलू नगंस," म्हणत सत्याप्पानं बायकोला तागडीच्या पारड्यात बसवलं आणि साखळी धरून उभा राहिला. वजनाचं यंत्र मंजूर होतं. पण सरकारी काम, सहा महिने थांब. म्हणून नगरपालिकेनं 'वजन घटवा' मोहिमेसाठी तंबाखूच्या वखारीतली तागडी दवाखान्याच्या पडवीत टांगली होती. वखारीचा हमाल नागोजी वखारीतल्या सवयीनं 'एक'ऐवजी 'लाभ' म्हणत पहिलं वजन चढवी आणि पारड्यातल्या बाया पदराआड हसत.

सत्याप्पाला हसू येत नव्हतं. बेळगावहून येणाऱ्या डॉक्टरांनी तानीबाईची छाती तपासून बजावलं होतं, वजन उतरलं नाही तर हिचं हृदय फार दिवस साथ देणार नाही. तेव्हापासून तो वेडापिसा झाला होता. पोरबाळ नाही. तानी गेली तर घरात त्याला हाक मारणारं कोण होतं? तिनं दुसऱ्या भाकरीला हात घातला की तो ताट ओढून घेई आणि परसात जाऊन रडे. तरी पारडं जमिनीवरून हलेना.

मग तीच बदलली. अर्ध्या भाकरीवर उठू लागली, पुढं नुसती आंबील पिऊ लागली.

"पालिकेनंच सांगितलंय न्हवं," एवढंच म्हणे आणि दातांना लावायच्या, तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीची डबी घेऊन चुलीपुढं बसे. मिश्रीनं काही वजन वाढत नाही, म्हणून त्यानंही तिला कधी अडवलं नाही. उलट चौकात सांगत फिरला, आमची लई जिद्दीची.

आज मागच्या खेपेइतकी वजनं चढवताच तानीबाईचं पारडं वर गेलं.

"वैनी जिंकल्या की रं, सत्याप्पा!" नागोजी ओरडला.

टाळ्या पडल्या. शालूबाई नर्सनं खणा-नारळानं ओटी भरली.

"तानाक्का, नाव घ्या!" बाया म्हणाल्या. तिनं नुसती नकाराची मान हलवली.

डॉक्टरांनी हसत बेळगावच्या गोड कुंद्याचा पुडा पुढं केला. "आज एवढा चालेल."

सत्याप्पानं मोठा घास उचलला. इतके दिवस ताट ओढणारा हात आज तिच्या तोंडाकडं गेला.

"आ कर की गं."

ओठ उघडले, पण दात विलग होईनात. कुंदा दातांवरच माखला.

"उघडत न्हाय," ती पुटपुटली. "आत जखम हाय."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी तिचं तोंड उजेडाकडं वळवलं, गालाला आतून बोट लावलं आणि बॅटरी मागवली. बॅटरीच्या उजेडात त्यांनी गालातली जखम पाहिली, मग मिश्रीनं काळे पडलेले दात.

"बेळगावला न्यायला हवं," शेवटी म्हणाले. "आजच."

"कवापासनं हाय ह्ये?" सत्याप्पानं विचारलं.

"भाकरी सोडली तवापासनं."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"वजन उतराय लागलं," ती म्हणाली, "आन तुमी रडायचं बंद केलासा."

तो तिच्यापुढं खाली बसला. तळहातावरचा कुंदा त्यानं बोटांनी कुस्करला आणि त्यातला कण दातांच्या फटीतून आत सारू लागला.

"खा गं, तानी," तो म्हणत होता. "एवढं तरी खा."