मेघवीराचा तिसरा भाग

दुसऱ्या भागाच्या शेवटी पडद्यावर धरण फुटलं, मेघवीर पाण्यात गेला आणि त्याचा निळा शेला तेवढा वर तरंगत राहिला. अर्धं थिएटर शिट्ट्या मारत होतं, अर्धं गप्प झालं होतं. मनीषानं मनाशी एवढंच म्हटलं, देह काही दाखवला नाही. देह दाखवला नाही म्हणजे माणूस आहे. तीन वर्षं ती याच हिशेबावर जगत होती.

उठायला लागली तशी निलोफरनं तिचा पदर ओढून खाली बसवलं. निलोफर गणेशवाडीच्या फुलबाजारात मनीषा आणि तिच्या सासूच्या शेजारी बसून लग्नाचे सेहरे गुंफायची. सिनेमातलं तिला सगळं ठाऊक असायचं. नावं संपल्यावर अजून एक तुकडा असतो, म्हणाली, खरा पिक्चर तिथंच कळतो.

नावं संपली. कुठलंसं लांबचं गाव, कौलारू घर, आणि आत एक पाळणा. पाळण्याच्या दोरीवरून बारीकशी वीज सरसरत खाली उतरली, आतल्या मुठीत शिरली, आणि पडदा काळा झाला. मनीषानं शेजारी पाहिलं. सासू, गोजराबाई, काळ्या पडद्याकडे बघत होती. ती हसत होती, हलकेच, तोंडावर पदर घेऊन.

पहिला भाग नवऱ्यानं, दिनेशनं, दाखवला होता. लग्नाला वर्ष झालं होतं. मेघवीर ढगातून उतरला तेव्हा दिनेशनं अंधारात तिचा हात धरला होता, आणि पुढच्याच आठवड्यात कामावर जातो म्हणून निघाला तो परत आला नाही. फोन बंद. पोलिसांत जाऊ म्हटलं तर गोजराबाईनं अडवलं. पोरगा रुसलाय, म्हणाली, रुसलेलं माणूस पोलिसांनी नाय येत, वाट बघितली की येतं.

मग मनीषा वाट बघत राहिली. पहाटे मखमलाबादच्या वावरात झेंडू-शेवंती तोडायची, बाजारात माळा ओवायच्या. तिचा भाऊ राजू पेठहून दोनदा न्यायला आला. तिकडच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला बाई हवी होती, राहायला खोलीही मिळणार होती. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. सोमवारपर्यंत शेवटचं सांग, असा त्याचा निरोप होता. आज रविवार. सासू तिला गाण्यात घालायची, त्याचंही तिला कौतुक वाटायचं:

झेंडूच्या वाफ्यामंदी पिवळी झाली गं बोटं,
लेकाच्या वाटंवरी सुनंचं डोळं मोठं.

थिएटरबाहेर चहाच्या टपरीवर निलोफरनं तिसरा भाग मांडायला घेतला. मेघवीर जिवंत आहे यात तिला शंकाच नव्हती. पाण्यानं वाहून नेलं ते त्या गावात. तिथं त्यानं दुसरं घर केलं, आणि पाळण्यातला पोरगा हाच आता पुढचा मेघवीर. मोबाईलवर पिक्चरबद्दल तासतासभर बोलणारी पोरंही हेच सांगतात, म्हणाली.

"आणि ती पहिली बायको?" मनीषानं विचारलं. सिनेमाभर ती बाई उंबऱ्यात दिवा लावून बसलेली होती.

"तिचं काम संपलं म्हणे, भाभी. तिसऱ्यात घेतलेलीच नाय तिला. किती वेळ दिवाच दाखवणार?"

मनीषा ओढूनताणून हसली. गोजराबाईला मात्र रंग चढला होता. थिएटरात क्वचित यायची बाई, पण आज तिलाही पुढचं सांगायचं होतं. बशीत चहा ओतत ती म्हणाली, "पोरगा नाय ती. पोरगी हाय. आठ महिन्यांची. आता बसाया लागली असंल."

निलोफर खदखदून हसली. "मावशी, तुम्ही तर बारशाला जाऊन आल्यासारखं सांगताय. पिक्चरमधलं बाळ कालचं दिसतंय."

गोजराबाईनं बशी तोंडाला लावली ती खाली घेतलीच नाही.

मनीषाच्या हातातला चहा निवला. आठ महिन्यांपूर्वी विंचूरची एक ऑर्डर आली होती. पाळणा सजवायला मोगऱ्याच्या माळा. जुनं गिऱ्हाईक आहे, स्वतः पोचवते, असं म्हणत गोजराबाई नवं लुगडं नेसून एसटीनं गेली होती. माळा मनीषानंच ओवल्या होत्या, पहाटे, कळी न कळी निवडून. शेवटच्या माळेत सासूनं काळा दोरा घातलेला तिनं पाहिला होता. काळा दोरा फक्त घरच्या लेकराच्या माळेत घालतात, आपल्या रक्ताला दृष्ट लागू नये म्हणून. बाजारात विकायच्या माळेत तो कुणी घालत नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारीचा हात चुकला. दया आली होती तिला.

दोघी रिक्षानं परतल्या. वावरातल्या घरी आल्यावर गोजराबाई पोतं अंथरून फुलं निवडायला बसली. सोमवारच्या माळा व्हायच्या होत्या. मनीषा उभीच राहिली.

"आत्या, तो काळा दोरा माझ्या सवतीच्या पाळण्याला होता?"

गोजराबाईनं फुलं निवडणं थांबवलं नाही. मग सांगायला लागली, कुणाच्या तरी दुसऱ्याच घरचं सांगावं तसं. विंचूरला वाईनच्या कारखान्यात लागलाय. तिथल्याच बाईशी घर केलंय. पहिल्याच महिन्यात त्याचा निरोप आला होता. नेऊन सोड तिला माहेरी, म्हणाला होता. पण मला एकटीला वावर होईना.

"मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नाय."

"मग," गोजराबाई म्हणाली, आणि किडलेलं फूल बाजूला टाकलं.

मनीषा बांधावर गेली. झेंडू कमरेइतका वाढला होता. किती पहाटे या फुलांशी ती बोलली होती. तो आला की याच वाफ्यातली माळ त्याच्या गळ्यात घालीन, असंही एकदा म्हणाली होती, मोठ्यानं, कुणी ऐकत नाही असं बघून. तिला आता त्या झाडांचीच लाज वाटली. तिनं राजूला फोन लावला, येते म्हणून सांगितलं. तो म्हणाला की आश्रमशाळेतली जागा शुक्रवारी भरली. तुझं नाहीच असणार म्हणून त्यांनी थांबायचं सोडलं, मलाही आजच कळलं. आवाज खाली आणून म्हणाला, "तू ये तरी, ताई. बघू."

घरात येऊन तिनं तीन साड्या, चादर आणि चपलांचा जोड पिशवीत भरला. गोजराबाई तोवर ओट्यावर फोन घेऊन बसली होती. शेजारच्या वस्तीवरच्या सविताला उद्यापासून तोडणीला बोलावत होती. मोठ्या आवाजात बोलायची सवय होती तिला. पहाटे पाचला ये, शेवंती आधी तोडू, टोपली तुझी आण. मग पलीकडून सुनेचं विचारलं असावं, कारण गोजराबाईचा सूर एकदम ओला झाला.

"गेली बाई म्हायेरी. काय करणार. लेकाची वाट बघवली नाय तिला. तीन वर्षंसुदीक दम निघाला नाय."

मनीषा उंबऱ्यात थांबली. निलोफरची टपरीवर रंगलेली गोष्ट तिला बरी वाटली, तिच्यात निदान दिवा लावणारीवर आळ नव्हता. इथं तर तिसरा भाग सांगून झालासुद्धा. उद्या पहाटे तो फुलबाजारात जाईल, तिथून वस्तीवस्तीवर, आणि लोक कीर्तनाला बसल्यासारखे तो ऐकून घेतील.

तिनं पिशवी खाली ठेवली. ओट्यापाशी जाऊन सासूच्या हातातून फोन घेतला. गोजराबाईनं तो धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण फुलांनी बोटं निसरडी झाली होती.

"सविताकाकू, मी मनीषा. दिनेश विंचूरला हाय. त्याला आठ महिन्यांची पोरगी हाय. बारशाच्या माळा मी ओवल्या आणि आत्यानं नेऊन घातल्या. कुणी विचारलं तर असं सांगा."

फोन सासूच्या मांडीवर ठेवून तिनं पिशवी उचलली. पेठची गाडी सुटायला अजून तास होता. मागून सविताचा बारीक आवाज येत होता, हॅलो, अहो हॅलो, आणि गोजराबाई फोन कानाला लावत नव्हती.