सर्व्हरकडच्यांचा मान

मी मोनिका. मला राग पटकन येतो आणि आला की पाय पसरून बसतो. म्हणून शिवराजचा फोन यायचा बंद झाला तेव्हा मीही ठरवलं, मेले तरी आपण आधी करायचा नाय.

शिवराज माझा वर्गमित्र आणि नुकताच झालेला होणारा नवरा. एमसीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही आमचा जोडीनंच: एका कॉम्प्युटरवरनं दुसऱ्यावर फाईल पाठवायची, सॉकेट म्हणजे दोन प्रोग्राममधली थेट जोडणी वापरून, सगळा कोड हातानं लिहायचा. फाईल मागणारा क्लायंट माझा, देणारा सर्व्हर त्याचा. "व्हॉट्सअ‍ॅप असताना हा उपद्व्याप कशाला?" असं आईनं विचारलं होतं. मी म्हणलं, "लाडू दुकानात मिळतात, तरी तू वळतेसच ना?"

तर साखरपुडा झाला पैठणला. फेटे आमच्याकडून. ऐनवेळी ते कमी पडले आणि शिवराजचे चुलते, काकासाहेब, नेमके बोडके राहिले. भरल्या पंगतीतनं ताटावरनं उठले की हो! तेव्हापासून ते म्हणतात, मुलीकडच्यांनी आधी फोन करावा. आमचे बाबा म्हणतात, ताटावरनं उठले ते, त्यांनी करावा. लग्नाची तारीख लटकली. लग्न मोडतंय की काय ही धास्ती मला होतीच. पण फोन? छे! मी बाबांचीच लेक.

अशात प्रॅक्टिकल आलं. बाहेरून परीक्षक आलेले, श्रीरंग सर. लॅबच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शिवराज. क्लायंट चालवला. जोडणी झाली असं स्क्रीनवर आलं आणि पुढं सगळं थंड.

"कनेक्शन तर झालंय," सर म्हणाले. "मग कुणी बोलत का नाय?"

"सर, क्लायंट म्हणजे पाहुणा," मी म्हणलं. "दारात आलेल्याला घरधन्यानं आधी 'या' म्हणायला नको? माझा क्लायंट त्याच्या नमस्काराची वाट बघतोय."

"ज्याला फाईल पाहिजे त्यानं मागावी की, सर," तिकडनं शिवराज. "सर्व्हर मागणीची वाट बघतोय."

"एकमेकांना विचारलं नव्हतं?"

शिवराजनं माझ्याकडं बोट दाखवलं, मी त्याच्याकडं.

"शाब्बास! दोन्हीकडं वाटच बघणारे. चहा घेऊन येतो, तोवर जुळवा."

सर गेले. मी शिवराजकडं बघितलं नाय, पण मनात म्हणलं, जाऊ दे मेलं, प्रोग्रामपुरता कमीपणा घेऊ. नमस्काराची वाट बघायचं काढलं आणि थेट फाईल मागायला लावली. सर आले, परत चालवलं. फाईल धडाधडा आली! फोटो होता. उघडायला गेले तर उघडंना.

फाईल आतनं तपासली तर तोंडालाच सर्व्हरचा 'नमस्कार' चिकटलेला. तिकडं शिवराजनंही गुपचूप कमीपणा घेतला होता आणि सर्व्हरला आधी बोलायला लावलं होतं. माझ्या क्लायंटला काय ठाऊक! आलं ते सगळं त्यानं फोटो समजून साठवलं.

"अगं, निदान सांगायचं तरी!" शिवराज ओरडला.

"तूच सांगायचं होतंस!" मी त्याच्यावर ओरडले. किती दिवसांनी बोललो, आणि तेही असं. मला हसू आलं, डोळेही भरले. "ऐक," मी म्हणलं. "तू गप्प राहा, मी मागते."

"व्हय. माग तू."

या वेळी फोटो उघडला. साखरपुड्याची पंगत. जवळपास सगळ्या डोक्यांवर भगवे फेटे आणि मधेच एक मोरपंखी. तो मी खास बाबांसाठी आणलेला, आणि तो दिसत होता शिवराजच्या दाजींच्या डोक्यावर! म्हणजे फेटे संपल्यावर बाबांनी स्वतःचा उतरवून दिला होता. मला वाटलेलं उकडतंय म्हणून काढला असंल. फोटोच्या कडेला काकासाहेब आणि बाबा शेजारीशेजारी बसलेले, दोघांची टकलं लखलखत.

"मुद्दाम हाच ठेवला होता," शिवराज म्हणाला. "तू बघावास म्हणून. पण तू मागशील तर ना!"

"लग्न कधी आहे?" सरांनी मार्क लिहिता लिहिता विचारलं.

"तेच जुळंना झालंय, सर," मी म्हणलं.

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर मी फोटो बाबांना पाठवला, शिवराजनं काकासाहेबांना. थोड्या वेळानं मीच माझा हट्ट गिळला आणि काकासाहेबांना फोन लावला. बिझी. शिवराजनं आमच्या बाबांना लावला. बिझी.

"बोलतायत एकमेकांशी!" मी उडीच मारली.

परत लावला. बिझी. परत लावला, एक रिंग गेली आणि पुन्हा बिझी. शिवराजनं कपाळाला हात लावला. "मोना, बोलत नायत गं ते. दोघं एकाच टायमाला एकमेकांना लावतायत."

मी बाबांना मेसेज टाकला: बाबा, फोन खाली ठेवा. समोरून येतोय.

जन्मात पहिल्यांदा बाबांनी माझं ऐकलं असावं. कारण नंतर शिवराजनं लावला तर बाबा बिझीच होते, आणि कँटीनमध्ये आमचा चहा संपला तरी काकासाहेबांशी बोलण्यात बिझीच होते.