दुपारची हाक

घोडेगावजवळच्या वस्तीवर दयाचा नवरा स्टीफन मागच्या वैशाखात विहिरीत गेला. अडकलेली मोटार काढायला उतरला होता. तळाशी विषारी हवा साचलीय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर काढला तेव्हा अंग गरम होतं, श्वास नव्हता.

माती झाल्यावर मुलगा नोहा आईला चाकणला न्यायला हटून बसला होता, पण दया गेली नाही. शेळ्या होत्या, घासाचे वाफे होते, रविवारी चर्चला जमणारी मंडळी होती.

पावसाळा सरला आणि हाक सुरू झाली. भर दुपारी, वस्तीवर चिटपाखरू नसताना, विहिरीतून स्टीफनचा आवाज यायचा. ‘दया, दोर सोड.’ पहिल्यांदा ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावली. वाकून पाहिलं, तर पाणी हिरवं, स्थिर. कपारीतले पारवेसुद्धा हलले नव्हते.

शेजारच्या झुंबरबाईनं देवऋष्याकडं चल म्हणून सांगितलं, उताऱ्याचं कोंबडंही देऊ केलं. दयानं हात जोडून नको म्हटलं. चर्चचे पाळकसाहेब मंडळीला घेऊन आले, विहिरीच्या काठावर उभं राहून प्रार्थना केली. काही दिवस शांत गेले. मग आवाज परत आला, आणि आता तो कधी गोठ्यामागून यायचा, कधी घासातून. दयाचं जेवण तुटलं. भीतीपेक्षा वाईट हे होतं, की ती त्या हाकेची वाट पाहू लागली होती.

एका दुपारी आवाज रडवेला होता. ‘माझा जीव कोंडतोय, दया.’

तिनं दोर घेतला, मोटारीच्या पाइपाला बांधला आणि विहिरीच्या पायऱ्या उतरू लागली. खालून गार हवा अंगावर आली. पाण्याच्या जवळ पोचली तेव्हा तिला उमगलं, की उभ्या संसारात स्टीफननं तिला कधीच नावानं हाक मारली नव्हती. तो ‘नोहाची आई’ म्हणायचा.

दगडाला धरून ती प्रभूची प्रार्थना म्हणू लागली. निम्म्यावर शब्द आठवेनात. तेव्हा पुढची ओळ खालून, पाण्यातून, स्टीफनच्या आवाजात आली. एकही शब्द न चुकता.

पाठ केलेलं सगळं विसरून दया एवढंच बोलली, ‘बापा, मला काय बी सुचत न्हाई. तूच धर.’

उजेड पडला नाही, आवाजही थांबला नाही. फक्त तिचा हात दगडावरून सुटला नाही. बऱ्याच वेळानं ती रांगत वर आली. झुंबरबाई शोधत आली होती. तिनं पदरानं दयाचं तोंड पुसलं.

नोहानं येऊन विहिरीवर लोखंडी जाळी बसवली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी दयाला चर्चमध्ये देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभं केलं. सगळ्यांना वाटलं होतं, ती सुटकेची गोष्ट सांगेल.

दया म्हणाली, ‘हाक अजून येती. मी गेले न्हाई, एवढंच. मला धरून ठेवलं.’

आमेन म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. मग बायकांमधून पाळकसाहेबांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, आणि तिच्यामागून हळूहळू बाकीच्यांचा.