पाणी नाही असं सांगायला

"पाळकसाहेब, नरकात दुकान टाकता येतं का हो?"

टेलरमास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे प्रश्न दातांच्या फटीतून आला. पाळकसाहेब नव्या काळ्या कोटात हात पसरून उभे होते. बगलेत टाचण्या असलेल्या माणसाला विषय टाळून निघून जाता येत नाही.

"तसं कुठं लिहिलेलं नाही," ते जपून म्हणाले. "आज हे मध्येच काय?"

"डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप झिजलीय. माझं काही नाही, पण बायको रडत बसते. ती पक्की देवाची, मी हा असा. तुमच्याच प्रवचनात ऐकून आली, मानणारा कायमचा वर आणि नाकारणारा कायमचा खाली. मध्ये जिनासुद्धा नाही म्हणे."

"दरी आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"तेच ते. म्हणून म्हटलं, मला बाप्तिस्मा देऊन टाका. तिला आत्ता बोलू नका, एकदम खूश होऊ दे."

"पण तुमचा विश्वास आहे का?"

"नाही बुवा. पण कोट मापाचा नाही म्हणून कुणी लग्नाला जायचं राहतं का?"

"देवाला फसवता येत नाही, मास्तर. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा."

"प्रयत्न करतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाळकसाहेबांच्या पाठीवर खडूची रेघ ओढली.

त्याच आठवड्यात मास्तरांची बायको पाळकसाहेबांकडे आली. चर्चमधली फुलं लग्न झाल्यापासून तीच लावत असे. तिनं फुलदाण्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

"मी देवाला सोडलं."

"बाई, हे फार मोठं पाप आहे!"

"हो ना? मग एवढ्यानं भागेल, की आणखी काही करावं लागेल? मला सवय नाही, म्हणून विचारते."

पाळकसाहेब मटकन खाली बसले. खरं तर ते बसलेलेच होते, आणखी बसले.

"पण का?"

"ह्यांना रात्री तहान लागते. हाका मारतात. तिथं कोण उठणार?"

"तिथं पाणी नसतं, बाई."

"मग पाणी नाही असं सांगायला तरी कुणी हवं की नको?"

धर्मशिक्षणात हा प्रश्न आला नव्हता.

"ह्यांना कळू देऊ नका हं," ती जाताना म्हणाली. "उगीच अडवतील."

दोघांनाही शब्द देऊन बसल्यावर पाळकसाहेबांची झोप उडाली. नवऱ्याला वर काढावं तर बायको खाली. दोघांना एकत्र ठेवायची सोपी वाट एकच दिसत होती, आणि तिची शिफारस करण्यासाठी त्यांना पगार मिळत नव्हता.

रविवारी मास्तर चर्चमध्ये आले. बायको डोकं दुखतंय म्हणून घरी होती. सगळे बसले की मास्तर उठत, सगळे उठले की बसत. नंतर पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

"जमतंय का?"

"सकाळी टाके घालतो, दुपारपर्यंत उसवतात. काल मात्र बरंच टिकलं."

"किती?"

"सगळी बटणं लावून होईपर्यंत."

"पुढच्या रविवारी बघू या," पाळकसाहेब म्हणाले.

बुधवारी मास्तर दुकानातच गेले. काजं करता करता मान टेकली, ती टेकलीच.

अंत्यविधी आटोपला, माणसं पांगली. मग पाळकसाहेबांनी तिला सगळं सांगितलं. बाप्तिस्म्याचं, टाक्यांचं, बटणांचंही.

"अगंबाई," ती म्हणाली. "मला बोलले नाहीत. मग आता कुठं आहेत हे? वर की खाली?"

"बाई..."

"नक्की काय ते सांगा. म्हणजे मला त्याप्रमाणे वागता येईल."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. हे दोन्ही पत्ते ते आजवर लोकांना न अडखळता सांगत आले होते. त्यांनी तोंड मिटलं.

"विचार करून सांगा," ती म्हणाली. "घाई नाही."

आता ती दर रविवारी येते. फुलं लावत नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते आणि भजनाला ओठ हलवते, आवाज काढत नाही. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात. ती मिटत नाही, पाळकसाहेबांकडे बघत राहते.

पाळकसाहेबांना हे माहीत आहे. तेही मिटत नाहीत.