गेनाडेंडालचा वणवा

गेनाडेंडाल गावी पोचलो तेव्हा डोंगरावरून गरम वारा सुटला होता. रुवेननं गाडी ओकच्या सावलीत लावली आणि आरशात बघून टाय सरळ केला. मी त्याची आई. त्या दिवशी एल्मारीला रीतसर मागणी घालायची होती, म्हणून केप टाऊनहून त्याच्यासोबत आले होते.

"आई, माझ्या दम्याचं तिथं काही काढू नकोस."

"लग्नानंतर त्यांना कळेलच की."

"तेव्हा कळू दे. आज नको."

एल्मारीला आई नव्हती. घर तिची आत्या, टानी सोफी बघायची. ख्रिस्ती मिशनच्या जुन्या घरांपैकी एक, जाड मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. वडील कारोल्स, ज्यांना सगळे ऊम, म्हणजे काका म्हणायचे, उंच, हाडकुळे. माझ्याशी अदबीनं बोलले, रुवेनकडे मात्र नुसतं बघत राहिले. टेबलावर भाजलेली कोंबडी, पिवळा भात, दालचिनी घातलेली रताळी. प्रार्थना झाली, आणि पहिला घास घेणार तोच चर्चची घंटा वाजू लागली. थांबेचना.

"डोंगर पेटला," टानी सोफी म्हणाली आणि ताटांवर फडकी टाकायला लागली.

ऊम कारोल्स उठले. दाराशी बूट चढवता चढवता त्यांनी रुवेनचे चकचकीत बूट पाहिले.

"तू बस जेवायला. शहरातल्या पायांना ही चढण झेपायची नाही."

"तुमच्याकडे जुने बूट आहेत का, ऊम?" रुवेननं विचारलं.

मी तोंड उघडलं, त्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. दोघं आग विझवायला निघालेल्या ट्रकच्या हौद्यात चढून गेले. खुर्चीच्या पाठीवर त्याचा कोट राहिला होता. तो उचलला तर खिशात काहीतरी कडक लागलं. दम्याचा पंप.

"सोफी, त्याला दमा आहे. धुरात त्याला श्वास घेता येत नाही."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मी घेऊन जाते वर."

"तू गेलीस तर तुलाही झोळीत घालून उतरवावं लागेल. काय वय आहे का तुझं?"

एल्मारीनं माझ्या हातून पंप घेतला, ओलं फडकं गळ्यात बांधलं आणि पळाली.

मग बसून राहायची सोयच उरली नाही. काळी राख उडत येत होती, मध्येच एखादी जळती काडी. टानी सोफीनं शिडी लावली. शेजारणी पाटातून बादल्या भरून देत होत्या, पण छपरावर चढायला कुणी नव्हतं. चढले मीच, चांगला पोशाख घालून. ओलं पोतं गवतावर आपटत होते आणि दर खेपेला मान वळवून डोंगराकडे बघत होते. कड्याखाली केशरी रेघ हलत होती. तिच्यासमोर माणसं दिसतात का म्हणून डोळे ताणले, पण धुराशिवाय काही दिसेना. लहानपणी रुवेनला धाप लागली की त्याच्या गळ्याखाली खड्डा पडायचा. तोच खड्डा मला सारखा दिसत होता.

"इकडे बघ, इकडे," खालून टानी सोफी ओरडली. "डाव्या हाताला धुमसतंय. रडायचं ते उतरल्यावर रड."

दुपार कलली तेव्हा वारा पडला. माणसं उतरायला लागली, तोंडं काळी झालेली. मी फाटकाशी उभी राहून एकेकाचं तोंड निरखत होते. रुवेन नाही. एल्मारी नाही. ऊम कारोल्सही नाहीत.

"माझा मुलगा बघितलात का?" मी एकाला धरलंच. "शहरातला, पांढरा शर्ट."

"इथं कुणाचा शर्ट पांढरा राहिलाय, बाई?" तो म्हणाला. मग माझं तोंड बघून ओशाळला. "कारोल्ससोबत होता ना तो? ओढ्याच्या बाजूला गेले होते. पुढचं ठाऊक नाही."

टानी सोफी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

शेवटी वाटेच्या वळणावर तिघं दिसले. मधे रुवेन. त्याचा एक हात ऊम कारोल्सांच्या खांद्यावर, दुसरा एल्मारीच्या. पण पाय त्याचेच चालत होते. मी धावले. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, तरी तो आत जात होता, बाहेर येत होता. मी त्याच्या छातीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"तासभर फावडं चालवलं यानं," ऊम कारोल्स म्हणाले. "मग एकदम खाली बसला. ओढ्यात नेऊन तोंडावर ओला सदरा धरला, ही पंप घेऊन येईपर्यंत."

"आणि पेट्या?" टानी सोफीनं विचारलं.

एल्मारीनंच सांगितलं. वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या वरच्या उतारावर होत्या. आग तिकडे वळलेली त्यांना दिसत होती. पण रुवेनला सोडून ते ओढ्यातून हलले नाहीत. सगळ्या गेल्या.

"ऊम कारोल्स, आम्ही आधी सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"हो, हवं होतं." मग रुवेनकडे वळून म्हणाले, "माझ्या मुलीपासून तर काही लपवलेलं नाहीस ना?"

"तिला पहिल्यापासून माहीत आहे," रुवेन अडखळत म्हणाला.

"म्हणजे मी एकटाच मूर्ख." ते ओसरीच्या पायरीवर बसले. काळ्या उताराकडे बघत म्हणाले, "लग्न जुलैत करू. तेव्हा पाऊस असतो, डोंगर पेटत नाही."

टानी सोफीनं थंड कोंबडी तिथंच पायरीवर आणून दिली. सगळे हातानंच खायला लागले. मी रुवेनच्या शेजारी बसून त्याचा श्वास ऐकत होते, एक गेला की दुसऱ्याची वाट बघत.