फोनची टेकडी

"उजवीकडे वळा," फोनमधली बाई रशियनमध्ये म्हणाली आणि तेमिरकानने गाडी उजवीकडे घातली. धुकं एवढं, की समोरची चाकोरीसुद्धा दिसेना.

"अरे, बघून चालव!" शेजारी बसलेली बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचा ताई, ओरडली. "बाळंतीण वाट बघतेय. आपणच दरीत गेलो तर तिकडे कोण पोचणार?"

"ठिपका सरळ दाखवतोय, एजे. फोन काय खोटं बोलणार आहे?"

बुरुलचा ही आमच्या गावच्या दवाखान्यातली नर्स. डॉक्टर शहरात, म्हणजे नसल्यातच जमा. गावातली निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती हिच्याच हातात, नूरदीनसुद्धा. त्याच नूरदीनचा दुपारी निरोप आला होता: बायकोला, आयसाल्किनला, कळा सुरू झाल्यात, रक्त जातंय, लवकर या. खाली नकाशावरचा ठिपका. जुन्या कुरणाकडचा पूल वाहून गेल्यामुळे यंदा त्यांनी मेंढ्या नव्या कुरणावर नेल्या होत्या, आणि तिकडे एजे आणि तेमिरकान कधी फिरकलेले नव्हते.

"तुम्ही मुक्कामी पोहोचला आहात," बाई म्हणाली.

एजे बॅग घेऊन उतरली. तंबू नाही, मेंढ्या नाहीत, धूर नाही. नुसती उघडी टेकडी, दगडांची एक रास आणि तिच्याभोवती सिगारेटची थोटकं.

ही तर फोनची टेकडी, हे तिने ओळखलं. आमच्याकडे प्रत्येक कुरणाची एक फोनची टेकडी असते. खाली रेंज नाही, म्हणून माणसं घोड्यावरून वर येतात, बोलतात, उतरतात. एरवी ठिकाण पाठवताना "खाली ओढ्यापाशी" एवढं तरी कुणीही लिहितं. पण बायको रक्तात पडलेली असताना पोराला कुठलं सुचायला! तो उभा होता तिथलाच ठिपका त्याने पाठवला, आणि खाली उतरल्यावर त्याचा फोन लागायचं नाव घेईना.

"गाढव कुठला!" तेमिरकानने चाकाला लाथ घातली. "आता कुठल्या अंगाला उतरायचं?"

"शिव्या नंतर दे. हॉर्न वाजव."

हॉर्न धुक्यात विरून गेला. पुन्हा वाजवला. लांबून कुत्रं भुंकलं. ते त्या बाजूला उतरले, तर दुसऱ्याच कुणाचा गोठा, आणि माणूस एकही नाही. पुन्हा वर चढायचं, पुन्हा हॉर्न. बॅगेचा पट्टा एजेने मुठीत पिळून टाकला होता. शेवटी दुसऱ्या अंगाला ओढा लागला, आणि ओढ्याच्या काठाने नूरदीन धावत आला.

"कुठे होतात हो, एजे!"

एजे त्याला ओलांडून तंबूत शिरली. आत आयसाल्किन पांढरीफटक पडली होती, शुद्ध नव्हती. एजेने इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं, आणि हळूहळू रक्त थांबलं. बाळ जन्मलं होतं. मुलगा. त्याच्या इवल्याशा तोंडात ती फुंकर घालत राहिली, तेमिरकानने खांद्याला हात लावेपर्यंत. पोराचं अंग अजून कोमट होतं.

बाहेर नूरदीन गाडीतल्या फोनकडे बघत उभा होता. ठिपका अजून टेकडीवरच होता.

"मी लिहिलंच नाही," तो म्हणाला. "एजे, तुम्ही आधी पोचला असतात, तर जगला असता ना तो?"

तेमिरकानने तोंड उघडलं. एजेने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते मिटलं.

"नाही रे," ती म्हणाली. "सकाळीच गेला होता तो, पोटातच. मी तुझ्या दारात बसून असते, तरी काही करता आलं नसतं. बायको वाचलीये तुझी. तिला उचल आता."

परतताना मागे आयसाल्किन निजलेली, आणि नूरदीनच्या मांडीवर ते दुपट्यातलं गाठोडं. गाडी टेकडीवर चढली तशी फोनमधली बाई पुन्हा म्हणाली, "तुम्ही मुक्कामी पोहोचला आहात." नूरदीनची मान खाली गेली.

एजेने हात लांब करून फोन काढला, बंद केला आणि कोटाच्या खिशात टाकला.

"एजे, आणि रस्ता?" तेमिरकान कुजबुजला.

"मी सांगते. तू हळू चल."

गाव येईपर्यंत ती डावीकडे, उजवीकडे सांगत राहिली, आणि खिशातला हात तिने बाहेर काढला नाही.